दारूला न शिवणारा माणूस : हिपॅटायटिस बी आणि सिगारेटचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

"मॅडम, मी दारूला शिवत नाय. मग लिव्हरच्या डॉक्टरनी मला तुमच्याकडं कशाला पाठवलं?"

फेब्रुवारी २०२४ मध्ये भाऊ पहिल्यांदा माझ्यासमोर बसले तेव्हाचं हे त्यांचं पहिलं वाक्य. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात तंबाखूमुक्ती समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे बहुतेक लोक छातीच्या नाहीतर हृदयाच्या विभागातून येतात, काही तोंडात पांढरा चट्टा दिसला म्हणून दातांच्या डॉक्टरांकडून येतात. यकृताच्या ओपीडीतून चिठ्ठी घेऊन आलेला माणूस त्या वर्षात तोवर एकही नव्हता. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं त्याचं निम्मं कारण तेच.

भाऊंची परवानगी घेऊन, कंपनी, वस्ती आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. त्यांना भाऊ आणि त्यांच्या पत्नीला ताई म्हणते. समोर बसलेले असतानाही मी हेच म्हणायचे.

भाऊ मूळचे जुन्नर तालुक्यातले. भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम. आठवड्याला शिफ्ट बदलते : फर्स्ट, सेकंड, नाईट. दिघीला दोन खोल्यांचं घर, मुलगी कॉलेजात, मुलगा शाळेत. सिगारेट एकोणिसाव्या वर्षी सुरू झाली, दिवसाला दहाच्या आसपास. दारू खरोखरच नाही. थोरला भाऊ दारूपायी गेला असं घरात सगळे म्हणायचे, आणि आईला दिलेल्या शब्दाखातर यांनी कधी ग्लासाला हात लावला नव्हता. मंडळाच्या पोरांत या गोष्टीचा त्यांना मानही होता.

सप्टेंबर २०२२ मध्ये, बेचाळीसाव्या वर्षी, गणेशोत्सवातल्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात त्यांनी पहिल्यांदा रक्त दिलं. दिलेल्या प्रत्येक पिशवीची रक्तपेढीत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्यासाठी तपासणी होते. काही दिवसांनी फोन आला, "एकदा येऊन भेटा." एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या पृष्ठभागावरचं अँटिजेन, पॉझिटिव्ह.

पुढच्या तपासण्या एका रुग्णालयात झाल्या. एसजीपीटी (यकृताच्या पेशी किती फुटताहेत ते सांगणारा आकडा) ६१, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ९०० च्या घरात, ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) निगेटिव्ह, सोनोग्राफी ठीक, फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) ६.९. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, पृष्ठभागावरचं अँटिजेन तसंच राहिलेलं. म्हणजे संसर्ग जुनाट. एसजीपीटी मात्र ४४ वर आलेलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता औषधाची गरज नाही, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा." त्यावेळच्या निकषांप्रमाणे हा निर्णय चुकीचा नव्हता. पण भाऊंच्या कानापर्यंत पोचलं ते एवढंच, की काही नाही. पुढच्या सप्टेंबरची तपासणी त्यांनी बुडवली.

ते जुने केसपेपर मी नंतर पाहिले. चारही भेटींच्या कागदांवर छापील रकाना आहे : "सवयी." त्यात चारही वेळा "दारू : नाही" असं लिहिलंय. त्याच्या शेजारी "तंबाखू :" आणि पुढे कोरी जागा.

अडचण नेमकी कुठे होती

निदान झाल्यावर भाऊंनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. खूप काही केलं, पण भलतंच. गावाकडे नेऊन कावीळीची माळ घातली. ती माळ वाढत वाढत पोटापर्यंत येते आणि कावीळ "उतरते" अशी समजूत आहे. यांना कावीळ झालेलीच नव्हती, डोळे पिवळे नव्हते, तरी माळ घातली. हळद बंद, तेल बंद, अंडी बंद, महिनाभर उसाचा रस. कुणीतरी काढा दिला, तो तीन महिने प्यायले. त्यात काय होतं हे देणाऱ्यालाही सांगता आलं नाही. यकृताच्या रुग्णाला असा काढा पाजणं हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे सोडून देते.

आणि ताट वेगळं झालं. ताईंनी घाबरून भाऊंचं ताट, पेला, टॉवेल वेगळे केले. मुलांना "बाबांच्या ग्लासातलं पिऊ नका" म्हणून सांगितलं. हिपॅटायटिस बी उष्ट्यानं, ताटातून, मिठी मारल्यानं पसरत नाही. तो पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. वस्तरा, नेलकटर, टूथब्रश वेगळे हवेत. ताट वेगळं ठेवायचं काही कारण नाही. हे त्या घरात कुणी बसून सांगितलंच नव्हतं.

सिगारेट मात्र वाढली. दहाच्या पंधरा-सोळा झाल्या. का, हे मला दुसऱ्या भेटीत कळलं. भाऊ म्हणाले, "घरात माझं ताट येगळं. कंपनीत सांगितलं नाय, उगंच मेडिकलची भानगड नको म्हणून. टपरीवर मात्र एक सिगारेट दोघांत ओढतो आम्ही. तिथं कुणी येगळं बसवत नाय."

हे वाक्य ऐकल्यावर माझ्या वहीतला "निकोटीनचं व्यसन, मध्यम ते तीव्र" हा शेरा मला फारच तोकडा वाटला.

त्या फेब्रुवारीत ते यकृताच्या ओपीडीत आले ते खोकल्याची तक्रार घेऊन, आणि ताईंनी ओढून आणलं म्हणून. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीला शर्टाचा वास आला आणि तिनं विचारलं, "काका, दिवसाला किती?" दीड वर्षात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. फायब्रोस्कॅन आता ७.६ होता. तिनं तो कोरा रकाना भरला आणि माझ्या नावानं चिठ्ठी लिहिली.

धूर यकृतात काय करतो

सिगारेट म्हणजे फुप्फुस आणि यकृत म्हणजे दारू, अशी वाटणी आपल्याकडे पक्की झालीय. रुग्णांच्या डोक्यात आहे तशी डॉक्टरांच्या डोक्यातही. पण धुरातली रसायनं फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि रक्तातलं विष निपटायचं काम यकृताचं. नायट्रोसअमाइन, बेंझोपायरिन यांसारख्या पदार्थांना यकृतातली विकरं (एन्झाइम) मोडायला घेतात, आणि मोडतामोडता त्यांतले काही अधिक घातक होऊन पेशीच्या डीएनएला चिकटतात. हिपॅटायटिस बीचा विषाणूही त्याच ठिकाणी बसलेला असतो, आपल्या जनुकांचे तुकडे पेशीच्या डीएनएत घुसवत. एकाच भिंतीला आतून वाळवी आणि बाहेरून ओल, असा हा प्रकार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ इथल्या कर्करोग संशोधन संस्थेनं जुनाट हिपॅटायटिस बीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात १९९४ मध्ये घातलं. तंबाखूच्या धुराचा त्या गटात आधीपासूनच समावेश होता, पण त्यानं होणाऱ्या कर्करोगांच्या यादीत यकृताचा कर्करोग आला तो २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात. दोन्ही कारणं एकाच माणसात असली की धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. शिवाय धुरानं होणारा दाह यकृतात व्रणाचे धागे विणणाऱ्या पेशींना चेतवतो. फायब्रोस्कॅन मोजतो तो या धाग्यांमुळे आलेला कडकपणा.

भाऊंनी इथे मला अडवलं, आणि बरोबर अडवलं. "मॅडम, माझं एसजीपीटी ६१ वरनं ४४ वर आलं, तेव्हा मी रोज पंधरा ओढत होतो. मग?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी जाऊन विचार केला आणि पुढच्या भेटीत सांगितलं. एसजीपीटी म्हणजे आज किती पेशी फुटल्या त्याची मोजदाद, आणि हिपॅटायटिस बी मध्ये तो आकडा विषाणूच्या लहरीप्रमाणे आपोआप वरखाली होतो. सिगारेटचं मुख्य काम म्हणजे डीएनएतल्या चुका आणि हळूहळू बसणारे व्रण. ते या आकड्यात उमटत नाही. कंपनीच्या भाषेत सांगायचं तर आजचं रिजेक्शन (बाद माल) कमी आलं म्हणून मशीनचा फिरणारा स्पिंडल झिजत नाहीय असं होत नाही. यावर ते हसले. त्यांना पटलं असं वाटलं.

खरा फरक पाडला तो हिमोग्लोबिननं. त्यांचं १७.६ होतं आणि "रक्त भरपूर आहे" म्हणून ते खुशीत होते. मी फुंकरीनं कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. आकडा आला १९. सिगारेट न ओढणाऱ्याचा साधारण पाच-सहाच्या खाली असतो. हा वायू तांबड्या पेशींतली प्राणवायूची जागा अडवतो, मग शरीर भरपाई म्हणून जास्त पेशी बनवतं, त्यामुळे रक्त घट्ट. त्या जादा पेशी मोडल्या की त्यातलं लोह यकृतावर साठतं आणि नुकसानीत भर घालतं, अशीही एक मांडणी आहे. "म्हणजे हे रक्त नाय, धुराचं ओझं हाय," भाऊ म्हणाले. मी हे वाक्य त्यांच्याकडून उसनं घेतलंय, आता इतरांना सांगते.

समोर असलेले पर्याय

पर्याय मांडताना मी ताईंनाही बसवून घेतलं. भाऊंच्या मनात आधीच तीन होते, तिन्ही टपरीवरून आलेले.

पहिला, "कमी करतो." पंधराच्या पाच. ऐकायला बरं वाटतं, पण पाच ओढणारा माणूस प्रत्येक सिगारेट खोल झुरक्यानं, थोटकापर्यंत ओढतो, आणि नाईट आली की पाचाच्या बारा होतात. दुसरा, तंबाखू मळायची. कंपनीतल्या निम्म्या लोकांचा हाच सल्ला : "धूर नाय तर तरास नाय." नायट्रोसअमाइन तंबाखूतही भरपूर असतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वर. तिसरा, ई-सिगारेट. कुणीतरी आणून देतो म्हणाला होता. भारतात तिच्यावर २०१९ पासून कायद्यानं बंदी आहे, आणि अशा चोरट्या मालात काय भरलंय हे कोण सांगणार.

माझ्या बाजूनं होत्या निकोटीनच्या चघळायच्या गोळ्या, आणि औषधांत ब्युप्रोपिऑन किंवा व्हरेनिक्लिन. ब्युप्रोपिऑन यकृतातच मोडलं जातं. भाऊंना सिरोसिस (व्रणांनी यकृत निकामी होत जाणं) नव्हता, तरी यकृतरोगात ते जपून द्यावं लागतं, म्हणून ते मागे ठेवलं. व्हरेनिक्लिन जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे यकृताच्या रुग्णाला सोयीचं. डॉक्टरांना तेच बरं वाटत होतं. पण काढ्याचा अनुभव ताजा होता आणि भाऊंनी हात जोडले : "आता अजून कसली गोळी नको." मी आग्रह धरला नाही. तो धरायला हवा होता का, यावर माझं आजही नक्की मत नाही.

निकोटीनच्या गोळीबद्दल ताईंची शंका रास्त होती. निकोटीन बंद करायचं आणि निकोटीनच द्यायचं? उत्तर असं, की व्यसन निकोटीनचं असतं पण यकृताला मारणारं विष मुख्यतः जळणाऱ्या धुरातलं. निकोटीनही यकृतातच मोडतं, म्हणून यकृत फार खराब असेल तर मात्रा सांभाळावी लागते. ७.६ च्या फायब्रोस्कॅनला ती अडचण नव्हती.

पहिला प्रयत्न, आणि माझ्या चुका

तारीख मी ठरवली. गुढीपाडवा, ९ एप्रिल २०२४. शुभ दिवस, नवं वर्ष, सगळं छान. गोळ्या २ मिलिग्रॅमच्या दिल्या.

नवव्या दिवशी भाऊ टपरीवर परत.

पहिली चूक म्हणजे पाडवा त्यांच्या नाईटच्या आठवड्यात आला होता आणि मी शिफ्ट विचारलीच नव्हती. रात्री तीन-साडेतीनला डोळा लागायला लागतो, मशीन चालू असतं, तेव्हा सिगारेट हाच त्यांचा अलार्म. दुसरी चूक, "उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानं?" हा व्यसनाची खोली सांगणारा सर्वात साधा प्रश्न मी विचारला होता, पण उत्तराचा उपयोग केला नाही. पाच मिनिटांच्या आत, असं उत्तर होतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची गोळी लागते, आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. चिठ्ठी आणायचा कंटाळा म्हणून मी २ वर भागवलं. तिसरी चूक, गोळी कशी घ्यायची हे तोंडी सांगितलं, करून दाखवलं नाही. भाऊ ती च्युइंगमसारखी कचाकचा चावत होते, वर कटिंग चहा. चहानं तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलं जात नाही. गिळलेल्या निकोटीननं मळमळ झाली आणि ते म्हणाले, "गोळी लिव्हरला बाधली."

आणखी एक गोष्ट मला ठाऊक असून वेळेवर आठवली नाही. धुरातल्या रसायनांमुळे यकृतातलं कॅफिन मोडणारं विकर जोरात चालतं. सिगारेट सुटली की ते काही दिवसांत मंदावतं, आणि तेवढ्याच चहातून रक्तात कॅफिन जवळपास दुप्पट साठू शकतं. भाऊंचा चहा दिवसाला आठ कप. छाती धडधडणं, झोप न लागणं, चिडचिड, हे सगळं त्यांनी सिगारेट सोडल्याच्या खात्यावर मांडलं. त्यातला निम्मा वाटा चहाचा असावा.

गावाकडची पिशवी

मधल्या काळात डॉक्टरांनी आईची तपासणी सुचवली होती. मे महिन्यात ताई गावी गेल्या. अडुसष्ट वर्षांच्या आईचं रक्त तपासलं, एचबीएसएजी पॉझिटिव्ह. संसर्ग भाऊंना बहुधा जन्मतःच मिळाला होता. ताई अजून एक काम करून आल्या, कुणी न सांगता. माळ्यावरच्या ट्रंकेत थोरल्या दिरांच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी होती, ती घेऊन आल्या. त्यातल्या डिस्चार्ज कार्डावर सिरोसिस होतं आणि यकृतात मोठी गाठ, कर्करोगाचं निदान. दारू ते घ्यायचे हे खरं, पण त्यांची हिपॅटायटिसची तपासणी झाल्याचा एकही कागद नव्हता. बिडी मात्र कायम हातात असायची, असं भाऊंनी सांगितलं.

थोरल्याला बी होता की नाही हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण "दारूनं गेला" या दोन शब्दांनी त्या घरातले बाकीचे सगळे प्रश्न वीस वर्षं झाकून ठेवले होते.

या कागदानं दोन निर्णय बदलले. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हिपॅटायटिस बीच्या उपचारांचे निकष सैल केले होते. फायब्रोस्कॅन ७ च्या वर, किंवा घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास, यांना आता औषधासाठी पुरेसं वजन होतं. भाऊंकडे दोन्ही होतं. जूनमध्ये टेनोफोव्हिर हे विषाणू दाबणारं औषध सुरू झालं. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं, त्यामुळे खर्चाचा प्रश्न आला नाही. आणि कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, न चुकता.

इथे एक धोका होता आणि डॉक्टरांनी तो ओळखला. गोळी सुरू झाली की माणसाला वाटतं, आता संरक्षण मिळालं, सिगारेट चालेल. त्यांनी भाऊंना सरळ सांगितलं : "ही गोळी विषाणूला झोपवते, कर्करोगाची भीती कमी करते, शून्य करत नाही. उरलेल्यातलं तुमच्या हातात आहे ते खिशात आहे." भाऊंनी नकळत खिशावर हात ठेवला.

दुसरा प्रयत्न

या वेळी तारीख भाऊंनी ठरवली. ३० जून, रविवार. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून दिघीमार्गे पुण्यात यायचा दिवस. "माउलींच्या म्होरं थोटूक टाकलं तर परत उचलायची लाज वाटंल." मी कॅलेंडर काढून फक्त शिफ्ट तपासली. पुढचे दोन आठवडे फर्स्ट आणि सेकंड, नाईट तिसऱ्यात. मंजूर.

बाकीची तयारी रुक्ष होती. ४ मिलिग्रॅमची गोळी, माझ्यासमोर एकदा घेऊन : दोन-चारदा चावायची, मिरीसारखी चुणचुण आली की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायची, चुणचुण गेली की पुन्हा. अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नाही. चहा आठाचा चारवर, तोही मोजून. नाईटला तीन वाजता उठून गार पाण्यानं तोंड धुणं आणि भाजलेले शेंगदाणे. सुपरवायझरला एवढंच सांगितलं की सिगारेट सोडतोय, आजाराचं काही नाही.

आणि ताट. मी अर्धा तास फक्त त्यासाठी ठेवला होता. ताई आणि मुलांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या होत्या, लसीचे तीन डोस सुरू झाले होते. मी ताईंना विचारलं, "आता कशाची भीती?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सवय झाली हो." त्या रविवारी पालखी पाहून आल्यावर चौघं एका पंगतीत जेवले. हे मला मुलीनं सांगितलं, भाऊंनी नाही.

एक गंमत त्यातच कळली. सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून मोफत मदतीचा क्रमांक छापलेला असतो, १८००-११-२३५६. भाऊंनी तो कधीच पाहिला नव्हता, कारण पंचवीस वर्षांत त्यांनी पाकीट क्वचितच घेतलं. सुट्टी सिगारेट. महाराष्ट्रात सुट्ट्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे, टपरीवाल्याला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

पहिले तीन आठवडे कठीण गेले, पण गेले. जुलैअखेरीस यंत्रावर आकडा ३.

विसर्जनाची रात्र

१७ सप्टेंबर. मंडळाची मिरवणूक, ढोल, रात्रभर जागरण. पहाटेपर्यंत भाऊंनी चार सिगारेटी ओढल्या. पुण्यात ज्यानं विसर्जनाची रात्र रस्त्यावर काढलीय त्याला यात नवल वाटणार नाही. मला नवल वाटलं ते याचं, की दुसऱ्या दिवशी झोप झाल्या झाल्या त्यांनी स्वतःहून फोन केला.

इथे निर्णयाची घडी होती. "पुन्हा पहिल्यापासून" म्हणायचं की "घसरलात, उठा" म्हणायचं? मी दुसरं केलं. मोजणी शून्यावर आणली नाही. वीसएक दिवसांपूर्वी बंद केलेली गोळी पुन्हा दोन आठवडे सुरू केली आणि दिवाळीपर्यंत दर आठवड्याला फोन ठेवला. त्यानंतर सिगारेट नाही. निदान यंत्राला तरी सापडलेली नाही.

निष्पत्ती

२०२५ च्या अखेरीस : हिमोग्लोबिन १५.८. व्हायरल लोड मोजण्याइतका नाही. एसजीपीटी २७. फायब्रोस्कॅन ६.१. सोनोग्राफीत गाठ नाही.

हा फायब्रोस्कॅन सिगारेट सुटल्यानं उतरला असं मी म्हणणार नाही. टेनोफोव्हिरनं दाह कमी झाला की कडकपणाचा आकडा उतरतोच, आणि एका माणसाच्या आकड्यांवरून दोन्हीचा वाटा वेगळा काढता येत नाही. हिमोग्लोबिनचं श्रेय मात्र मी निःसंकोच घेते.

सगळं गोड नाही. वजन पाच किलो वाढलं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसू लागलीय, उपाशीपोटीची साखर १०८. नाईटला शेंगदाण्यांच्या जागी फरसाण आलं हे त्याचं एक कारण. विषाणू असलेल्या यकृताला चरबी आणि मधुमेहही परवडत नाहीत. आता ते आहारतज्ज्ञाकडे जातात, नाइलाजानं.

वेगळं काय करता आलं असतं

सप्टेंबर २०२२ मध्ये तो रकाना भरला असता तर दीड वर्ष वाचलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं भारतात २०२२ साली सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी होता. निदान झालेल्यांतल्या अनेकांना औषध नाही, "दाखवत राहा" एवढंच सांगितलं जातं. त्या वाट पाहण्याच्या काळात रुग्णाला करण्यासारखं काहीतरी हवं असतं. कुणी न दिल्यास तो स्वतः शोधतो, आणि मग माळ आणि काढा येतो. "औषध नको, पण सिगारेट सोडा" हे त्या दिवशीचं औषधच ठरलं असतं.

घरातल्यांच्या मृत्यूची कारणं विचारताना "कशानं गेले?" एवढ्यावर थांबू नये. कागद मागावेत. आमच्याकडे आता तसं विचारतात.

ताटाबद्दल मी पाचव्या महिन्यात बोलले. पहिल्या भेटीत बोलायला हवं होतं. पाडव्याचा प्रयत्न गोळीमुळे फसला की ताटामुळे, मला माहीत नाही, पण मी त्यावेळी फक्त गोळीच पाहत होते.

आणि एक राहिलंच. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. हा आकडा मी प्रशिक्षणात दरवेळी सांगते. गेल्या महिन्यात भाऊ पाठपुराव्याला आले, ताई शेजारी बसल्या होत्या, नेहमीसारख्या. बोलता बोलता त्या हसल्या आणि मला हिरडीजवळचा काळपट पट्टा दिसला. पावणेदोन वर्षं त्या माझ्यासमोर बसत होत्या.

"ताई, तुम्ही दात कशानं घासता?"

त्यांनी आधी भाऊंकडे पाहिलं. "मिशरी. दिसातनं दोनदाच."

"चारदा," भाऊ म्हणाले.

मी नवा केसपेपर काढला.